शांतम्माची जबानी

लातूरच्या डाळ मिलमध्ये निवडायला बसणाऱ्या सगळ्या बायका शांतम्माला अक्का म्हणायच्या, वयानं मोठ्या असलेल्यासुद्धा. तिचा धाकटा भाऊ मन्मथ सुट्टीच्या भोंग्याला फाटकाशी येऊन 'अक्का' म्हणून हाक मारायचा, त्याच्या तोंडून ते नाव मिलभर झालं. पोरगा होताच तसा. गोरा, उंच, बोलायला लागला की समोरचं माणूस हातातलं सूप खाली ठेवून ऐकत राहायचं. बाया म्हणायच्या, "अक्का, नशीब काढलंत बगा. असा भाऊ कुनाला मिळतो?" शांतम्मा हसायची आणि डाळीतले खडे वेचत राहायची.

ती मूळची शिरूर अनंतपाळची. लिंगायताचं घर, थोडी काळी जमीन, दावणीला दोन बैल. मन्मथ पाळण्यात असतानाच अप्पा गेले. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावात हगवण लागली, त्यात अव्वा सकाळी होती ती संध्याकाळी नव्हती. शांतम्मा तेव्हा लग्नाला आलेली पोर आणि मन्मथ आठ वर्षांचा. अव्वाला माती देताना तो बहिणीच्या कमरेला मिठी मारून असा रडला, की स्वामींनासुद्धा पुढचा मंत्र म्हणवेना. त्या रडण्याच्या आधारावर शांतम्मानं पुढची कितीतरी वर्षं काढली. याला माया आहे, आत कुठंतरी आहे, असं ती स्वतःला सांगायची. कारण रोजचं दिसत होतं ते वेगळंच होतं.

गावाजवळ रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. शांतम्मा तिथं खडी फोडायला जायची आणि मन्मथ घरी राहायचा. एकदा दुपारी हाताला लागलं म्हणून ती लवकर परत आली. पाहते तर परसात कालवडीला आखूड दाव्यानं उन्हात बांधलेलं, तोंड पोचणार नाही अशा बेतानं समोर पाण्याची बादली ठेवलेली, आणि हा सावलीत मांडी घालून बसलेला. कालवडीची जीभ बाहेर आली होती. शांतम्मानं धावत जाऊन दावं कापलं.

"काय करून राहिलास रे?"

"बगत होतो," मन्मथ म्हणाला. "किती येळ वरडती ती."

पोरं असतातच अशी, ती म्हणाली. आईविना पोर आहे, ती म्हणाली. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या किशनरावांची कडब्याची गंजी पेटली. त्या साली कडबा म्हणजे जनावरांचा जीव होता. गंजी जळताना अख्खं गाव छाती बडवत उभं होतं आणि गर्दीत मन्मथ मान वर करून, तोंड उघडं टाकून ज्वाळा पाहत होता. त्याच्या सदऱ्याला घासलेटाचा वास येत होता. शांतम्मानं त्याला घरात ढकललं, बाहेर आली आणि पंचांपुढं हात जोडले. "माज्या चुलीतली राख मीच तिकडं टाकली. इस्तू राहिला आसंल."

किशनराव तिच्याकडं नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ती आपला एक बैल नेऊन त्यांच्या दावणीला बांधून आली. घरी आल्यावर मन्मथनं विचारलं, "अक्का, तू कामून बोललीस? मला कुनीच बगितलं न्हवतं. उगंच बैल दिलास."

तिनं त्या दिवशी त्याला मारलं नाही. कुशीत घेतलं. पाऊसपाणी झाल्यावर जमीन बटईनं लावून ती त्याला घेऊन लातूरला आली, गावाच्या नजरेपासून लांब.

मिलमध्ये महालिंग नावाचा ट्रकचालक होता. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस सरळ. एकदा त्यानं मिलमधल्या म्हाताऱ्या बाईकरवी शांतम्माला लग्नाचं विचारून पाहिलं. शांतम्मा लाजून नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. म्हणाली, "माज्या भावाला इचारा." मन्मथ तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. महालिंग त्याला भेटला आणि त्यानंतर त्यानं शांतम्माकडं वर मान करून पाहिलं नाही. पुढं त्यानं उदगीरकडची बायको केली. दोन-तीन वर्षांनी एकदा एसटी स्टँडावर तोच म्हणाला, "आता फिट येते का हो तुमाला?"

"कसली फिट?"

महालिंगला कळलं आणि त्याचा चेहरा पडला. "तुमचा भाऊ रडत सांगत होता. म्हणला, अक्काला लई फिट येते, कुनाला सांगू नका."

शांतम्मा घरी आली, तिनं भाकरी केल्या, मन्मथला वाढल्या. विचारलं नाही. तिला उत्तर ठाऊक होतं. ती लग्न करून गेली असती तर याला कोणी वाढलं असतं?

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला गावभर कमानी लागल्या, बँड वाजला, जो तो नव्या कचेऱ्यांची आणि नव्या नोकऱ्यांची गोष्ट करत होता. मन्मथनं पांढरा सदरा शिवला आणि खेड्याखेड्यांतून सांगत फिरला, की आपण कलेक्टर साहेबांच्या खास माणसाजवळ आहोत. काही दिवसांनी शांतम्माच्या खोलीपुढं माणसं येऊन बसू लागली. कोणी मुलाला शिपाई करायचं म्हणून आलेला, कोणी सुनेला शाळेवर लावायचं म्हणून. गाठोडी, तुपाचे डबे, हातात टोप्या. "साहेब कवा येतील?" ते विचारायचे. शांतम्मा त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, "भायेर गावी गेल्यात." एक म्हातारी तर पायरीवर झोपून राहिली होती. मन्मथ तेव्हा त्यांचे पैसे घेऊन धर्माबादला पळाला होता. मिरचीच्या एका बड्या व्यापाऱ्याकडं त्यानं कारकुनाची जागा मिळवली आणि वर्षभरात मालकाचा उजवा हात झाला.

शहाऐंशीचा उन्हाळा. पुन्हा पाऊस नव्हता, पुन्हा टँकर. मन्मथ गोदामाच्या मागच्या दारानं मिरचीची पोती बाहेर काढतो हे पंढरी नावाच्या हमालानं पाहिलं. पंढरीला दमा होता. भर दुपारी मन्मथनं त्याला मागची थप्पी बघून ये म्हणून आत पाठवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. वर पत्रे तापलेले, आत छताला टेकलेली मिरची. मन्मथ समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. हॉटेलवाल्यानं विचारलं, "आत कोन वाजवून राहिलंय?" हा म्हणाला, "मांजर अडकलंय. काढतो नंतर." त्यानं चहा घेतला, पान खाल्लं. वाजायचं थांबलं तेव्हा उठला.

पोलिसांना त्यानं हे सगळं नीट, अदबीनं सांगितलं.

शांतम्मा नांदेडला गेली. वकील म्हणाला, पुरावा पक्का आहे, वाचायची एकच वाट दिसते. हा माणूस वेडा आहे असं ठरलं तर तुरुंगाऐवजी दवाखाना मिळेल, औषध मिळेल. कोर्टानं तपासणीला पाठवलंय. "दवाखान्यातली बाई तुम्हाला त्याच्या लहानपणाचं विचारील. काहीही लपवू नका. जे जे विचित्र केलं असेल ते सांगा. जितकं जास्त, तितकं चांगलं."

शांतम्माच्या छातीवरचा धोंडा हलला. इतकी वर्षं जे दडवलं तेच आता त्याला वाचवणार होतं. आणि कोणीतरी वेडा म्हटलं की सगळंच सोपं होतं. वेड उतरतं. गोळीनं उतरतं, विजेच्या झटक्यानं उतरतं, असं तिनं ऐकलं होतं. उतरल्यावर खाली तिचा भाऊ निघणार होता.

दवाखान्यातल्या त्या बाईचं नाव पंचशीला. वयानं शांतम्माहून लहान, हिमायतनगरकडच्या बौद्ध घरातली, रोग्यांच्या घरची हकीकत लिहून घेणं हे तिचं काम. तिनं शांतम्माला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"हे बघा, तुमचा भाऊ आमच्याशी गोड बोलतो. पण आज एक सांगतो, उद्या दुसरं. त्याच्या बोलण्यावर काहीच ठरवता येत नाही. म्हणून तुम्हाला त्रास देतेय. तो पंधरा वर्षांचा व्हायच्या आत कसा होता, ते सांगा."

शांतम्मानं सांगायला सुरुवात केली आणि तिला थांबताच येईना. कालवड सांगितली. गंजी सांगितली. शाळेत दुसऱ्याच्या पाटीवर थुंकून तिसऱ्याचं नाव सांगायचा ते सांगितलं. पंचशीला मधेच हात वर करायची. "खायला चोरलं असेल ते सोडा. त्या सालात भुकेपोटी सगळ्यांनीच उचललंय. पोट भरलेलं असताना काय केलं?" तेव्हा शांतम्माला गावातली आंधळी नागुबाई आठवली. घरात दुष्काळी मदतीच्या सुकडीचं पोतं असताना मन्मथनं तिचा गूळ उचलला होता, आणि शेजारच्या एका पोराचं नाव घेऊन त्या पोराला मार बसताना समोर उभा राहून पाहिलं होतं. फिटची गोष्ट तिनं सगळ्यात शेवटी सांगितली. ती गोष्ट तिनं आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

"डोक्याला कधी मार लागला? मोठा ताप? झटके?"

इथं हो म्हणावं असं वकिलानं आडून सुचवलं होतं. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर तिची जीभ वळेना. "लिंबावरून पडला व्हता एकदा."

"बेशुद्ध झाला?"

"न्हाई. उठून हासला."

"कोणी कानात बोलतंय, असं म्हणायचा? दारू?"

"न्हाई. सुपारीचं खांड बी न्हाई. पान तर त्यानं त्या दिवशीच…" ती थांबली.

असं बरेच दिवस चाललं. पंचशीला स्वतः शिरूरला जाऊन आली. थकलेले किशनराव तिला म्हणाले होते, "गंजी कुनी लावली ते मला तवाच कळलं व्हतं बाई. त्या पोरीच्या तोंडाकडं बगून गप बसलो." पंचशीलानं हे सांगितलं तेव्हा शांतम्मानं पदर तोंडात धरला. पंचांपुढं ते आपल्याकडं नुसते का पाहत राहिले होते, ते तिला इतक्या वर्षांनी कळलं.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. माणूस सभ्य होता. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"तुमचा भाऊ वेडा नाही."

शांतम्माला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"त्याला काळवेळ कळते, आपण काय करतोय ते कळतं, त्याचा परिणाम काय तेही कळतं. मधे दोन दिवस त्यानं शेजारच्या रोग्याची नक्कल करून वेडाचं सोंग आणलं होतं, तेही छान आणलं. पुस्तकात याला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. लहानपणापासून दुसऱ्याचं दुःख याला लागत नाही. समजतं, लागत नाही. कोर्टाच्या दृष्टीनं हे वेड होत नाही."

"मग गोळी?"

"याला गोळी नाही."

"झटके देत्यात म्हनं…"

डॉक्टरांनी मान हलवली. मग तिला धीर यावा म्हणून म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आम्हाला ठरवता आलं. लहानपणीची अशी लक्षणं असल्याशिवाय हे निदान करताच येत नाही. नाहीतर तुमच्या भावानं आम्हाला फसवलंच होतं."

"म्हंजी म्याच," शांतम्मा म्हणाली.

डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. पंचशीलाला गेलं. ती तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"दुष्काळानं केलं का ओ बाई हे? मी खडी फोडाया जायची, त्याला एकट्याला टाकून. तवा काय झालं का त्याला?"

पंचशीला म्हणाली, "माझी आई पण त्याच साली खडी फोडायला जायची. मी भावाला घेऊन घरी असायचे. आमच्या वस्तीतली सगळी पोरं तशीच राहिली."

"मग?"

"मग मला माहीत नाही, अक्का. कोणालाच नीट माहीत नाही."

मन्मथला भेटायची परवानगी मिळाली. दाराशी शिपाई उभा होता. मन्मथचे कपडे स्वच्छ होते, केस विंचरलेले. ती समोर बसली तसा तो हसला.

"सगळं सांगितलंस म्हनं. कालवड बी?"

"तू वाचशील म्हून सांगितलं रे."

"असू दे. तुला कळत न्हाई त्यातलं." तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती विचारायची नाही असं ठरवून आली होती, तरी तोंडून निघालीच. "अव्वाला माती देताना तू किती रडलास, आठवतं का?"

मन्मथनं आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं. "तू रडून राहिली व्हतीस ना, म्हून. आन् रडलं की बाया जवळ घ्यायच्या, गूळ द्यायच्या." मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून, ग्राहकाला माल पसंत पडला नाही हे ओळखणाऱ्या दुकानदारासारखा तो लगेच म्हणाला, "न्हाई तर, आठवण यायची की अव्वाची. लई यायची."

यातलं खरं कोणतं, ते शांतम्माला ठरवता आलं नाही. पुढं कधीच ठरवता आलं नाही.

कोर्टात डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला. सरकारी वकिलाच्या तोंडून तिनं आपलीच वाक्यं ऐकली, कागदी मराठीत घातलेली. पाण्याविना बांधलेली कालवड, शेजाऱ्याची गंजी, बहिणीनं स्वतःवर घेतलेला दोष. मन्मथला जन्मठेप झाली. त्यानं न्यायाधीशांना वाकून नमस्कार केला.

बाहेर पायऱ्यांवर पंढरीची बायको धुरपताबाई बसली होती. शांतम्मानं तिला ओळखलं आणि पाय थबकले, पण टाळून जायला वाट नव्हती. ती तिच्यापुढं जाऊन हात जोडून उभी राहिली. धुरपताबाईनं वर पाहिलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"तुमाला तवाच ठाऊक व्हतं की बाई," ती म्हणाली. "बारका व्हता तवापास्नं."

शांतम्मा हो म्हणाली. धुरपताबाई उठून, पदर झटकून निघून गेली.

लातूरला परतल्यावर मिलमधल्या बायांनी तिला काही विचारलं नाही. पेपरात आलं होतं. तिच्या डाव्या-उजव्या जागा काही दिवस रिकाम्या राहिल्या, मग हळूहळू भरल्या. शिरूरची जमीन तिनं किशनरावांच्या मुलालाच कसायला दिली. शेजारणींच्या मुलांकडं ती आता टक लावून पाहायची. एखाद्यानं चिमणीचं पिल्लू हातात घट्ट धरलं की ती हातातलं काम सोडून उभी राहायची. पोरगं पिल्लाला पाणी पाजताना दिसलं की कामाला लागायची.

मन्मथला औरंगाबादच्या तुरुंगात ठेवलं होतं. ती वर्षातून एकदा-दोनदा जायची, धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून. त्यातलं काय आत जातं, काय बाहेर राहतं हे फाटकावरच्या शिपायाच्या मर्जीवर असायचं. मन्मथ बरा दिसायचा. जाळीपलीकडून साऱ्या तुरुंगाच्या गोष्टी सांगायचा, आणि तिला हसूसुद्धा यायचं. हे तिला कोणाला समजावून सांगता आलं नसतं. तो तिला अजून आवडायचा.

काही वर्षांनी एका भेटीत तो म्हणाला, "अक्का, आता सुट्टी मिळती मला. घरच्या मानसानं जामीन राहावं लागतं, मी याला सांभाळते म्हून. तेवढा अंगठा दे."

शांतम्मानं जाळीत बोटं अडकवली. खोलीत त्याचं अंथरूण तिनं अजून घडी करून ठेवलं होतं. समोरच्या घरात एक म्हातारा एकटाच राहत होता. खालच्या खोलीत नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं. दुपारी ती पोरगी घरात एकटीच असायची.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली.

मन्मथ हसला. मग त्यानं समजावलं. मग त्याचे डोळे भरून आले, ओठ थरथरला, गालावरून पाणी वाहू लागलं. शांतम्मा पाहत राहिली. मग जाळीतली बोटं काढून ती पुन्हा म्हणाली, "न्हाई. मी तुला जामीन राहनार न्हाई. माज्यानं तुला सांभाळनं होत न्हाई. कंदी झालंच न्हाई."

त्याचं रडणं तिथंच थांबलं. त्यानं मनगटानं गाल पुसले, उठला आणि भेटीची वेळ शिल्लक असताना आत निघून गेला.

त्यानंतर त्यानं तिला भेट दिली नाही. ती जात राहिली. नाव सांगायची, बाकावर बसायची, थोड्या वेळानं शिपाई येऊन म्हणायचा, "येत नाही म्हणतो हो मावशी." एका उन्हाळ्यात असंच झालं तेव्हा बाकावर शेजारी एक बाई बसली होती, नवऱ्याला भेटायला जालन्याहून आलेली, सकाळपासून उपाशी. शांतम्मानं फडकं सोडलं, धपाटे दोघींत वाटून घेतले. त्या बाईनं विचारलं, आत कोण आहे? शांतम्मा म्हणाली, "भाऊ हाय." खाऊन झाल्यावर तिनं नळावर हात धुतले आणि लातूरची गाडी किती वाजता आहे ते विचारायला निघाली.